बुंध्याची पलीकडची बाजू

नागोराव इढोळे वाशीमकडून पुण्यात आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. खांद्यावर कुऱ्हाड होती आणि पिशवीत दोन लुगडी होती. लुगडी बायकोची. बायको, म्हणजे मुक्ताई, महिन्याभरानं मागून येणार होती, आणि तिचं सामान आधी पोचलं की ती नक्की येईल असा नागोरावांचा होरा होता. स्वारगेटला उतरल्या उतरल्या एका पोलिसानं त्यांना बाजूला घेतलं.

"कुणाचं डोकं फोडायला आलास?"

"झाडं तोडाले आलो साहेब."

पोलिसानं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "मग उरक लवकर. फार शिल्लक नाहीत," तो म्हणाला आणि निघून गेला. पुण्यानं नागोरावांचं स्वागत केलं ते असं.

याला आता सदतीस वर्षं झाली. मुक्ताई आली, कर्वेनगरात कालव्यालगतच्या एका खोलीत संसार मांडला गेला, पूर्णिमा झाली, शिकली, लग्न होऊन अकोल्याला गेली, आणि नऊ वर्षांपूर्वी मुक्ताईही गेली. एवढं आयुष्य एका दमात सांगून टाकलं म्हणून मला दोष देऊ नका. नागोरावांना विचारलं तर तेही एवढंच सांगतात, आणि तेही जिवावर आल्यासारखं. झाडांबद्दल विचारा, मग बघा. कुठला गुलमोहर बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ निघाला, कुठल्या सोसायटीतला रेन ट्री पाडताना चेअरमन स्वतःची गाडी हलवायला तयार नव्हते आणि मग कसे पायजम्यावर पळत आले, हे ते दिवसभर सांगतील. आणि त्या प्रत्येक गोष्टीत दोन माणसं असतील. एक नागोराव, दुसरा दशरथ.

दशरथ भोरकडचा. राहायला कात्रजला. रंग काळा, तोंड फटकळ, आणि हात डावा. रंगराव ठेकेदाराकडं, म्हणजे सोसायट्यांची झाडं परवानगी काढून छाटण्या-पाडण्याचं काम घेणाऱ्या माणसाकडं, तो नागोरावांच्या आधी दोन महिने लागला होता आणि दोन महिने नुसता फांद्या गोळा करत होता. कारण डावखुऱ्या माणसासमोर कुऱ्हाड घेऊन उभं राहायला कुणी तयार होईना. नागोराव नवे होते, त्यांना नाही म्हणता आलं नाही. रंगरावानं दोघांना एका सुबाभळीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि पहिल्या दहा घावांतच त्याच्या लक्षात आलं की ही जोडी देवानं जमवलीय. एकाचा घाव उजवीकडून, दुसऱ्याचा डावीकडून. कुऱ्हाडी एकमेकींच्या वाटेत येतच नव्हत्या.

दोघांनी मिळून बुंधा उतरवायचा म्हणजे कसं, ते इथं सांगायला हवं. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला एक माणूस उभा राहतो. पाठीमागच्या बाजूला दुसरा. पुढच्याची खाच खाली, मागच्याची वीतभर वर. एकाची कुऱ्हाड लागली की दुसऱ्याची उठते. दोन बायका एकाच उखळात मुसळ घालतात तसं. त्यात बोलायचं नसतं, बघायचंही नसतं, नुसतं ऐकायचं असतं. पुढं कायम नागोराव असायचे, मागं कायम दशरथ. नागोरावांची खाच गाभ्यापर्यंत पोचली की त्यांनी थांबायचं, तिरकं पाच-सहा पावलं मागं सरायचं, वर शेंड्याकडं बघायचं आणि ओरडायचं, "घे!" त्या एका शब्दात सगळं आलं. मी बाजूला झालो, खाली कुणी नाही, आता झाड तुझं. मग उरलेले घाव एकट्या दशरथाचे, आणि झाड नागोरावांच्या मोकळ्या झालेल्या जागेवर येऊन पडायचं.

यातला एक नियम रंगरावानं पहिल्याच दिवशी दोघांच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. काय वाटेल ते झालं तरी आपली बाजू सोडून बुंध्याच्या पलीकडं जायचं नाही. तिकडं दुसऱ्याची कुऱ्हाड फिरत असते. नागोरावांनी हा नियम पस्तीस वर्षं पाळला. पस्तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही बुंध्याची पाठीमागची बाजू झाड उभं असताना पाहिली नाही.

गेल्या वर्षी माघात एके सकाळी वारज्याच्या एका सोसायटीत निलगिरी पाडायची होती. दोर बांधून झाले, खालच्या गाड्या हलवल्या, आणि दशरथाचा पत्ता नाही. नागोराव बुंध्याजवळ उभे राहून तासभर त्याला शिव्या घालत होते. चांगल्या, ठेवणीतल्या. "बायकोनं उठवलं नसन त्याले, झोपला असन तंगड्या वर करून," असंही म्हणाले. मग रंगरावाच्या फोनवर चंपावहिनींच्या, म्हणजे दशरथाच्या बायकोच्या, भावाचा फोन आला. दशरथ झोपेतून उठलाच नव्हता. तो तास नागोरावांच्या मनातून अजून गेलेला नाही. माणूस मेला म्हणून रडता येतं, पण मेलेल्या माणसाला तासभर शिव्या घातल्या त्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

त्यानंतर रंगरावानं त्यांना समाधानबरोबर उभं करून पाहिलं. समाधान पोरगा चांगला, पण कानात कायम फोनची बोंडं. ज्याला दुसऱ्याचा घाव ऐकूच येत नाही त्याच्याबरोबर बुंध्यावर उभं राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं. तीन झाडांनंतर नागोरावांनीच नकार दिला. पुढं रंगरावानं मशीनची करवत घेतली, ती समाधानच्या हातात गेली, आणि नागोराव दोरावर आले.

दोरावरचा माणूस म्हणजे फांदी ज्या बाजूला यायला हवी त्या बाजूला दोर ताणून धरणारा. काम जोखमीचं आहे, नाही असं नाही. पण तो माणूस झाडापासून सगळ्यात लांब उभा असतो. करवतीच्या आवाजात त्याच्याशी कुणी बोलत नाही, बोललं तरी ऐकू येत नाही. डबा खायला सगळे बुंध्याच्या सावलीत बसतात तेव्हा दोर गुंडाळून होईपर्यंत त्याला उशीर होतो, आणि तो येतो तोवर बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असतात. नागोराव दीड वर्ष असे दोरावर होते. घरी गेलं की खोलीत कुणी नाही, कामावर गेलं की दोराच्या टोकाला कुणी नाही. दिवसदिवस त्यांच्या तोंडून निघालेला एकमेव शब्द म्हणजे कंडक्टरला सांगितलेला स्टॉप असायचा. रविवारी पूर्णिमाचा फोन यायचा. "बाबा, अकोल्याला या ना राहायला." "बघतो." हे बघणं सहा वर्षं चाललं होतं.

म्हणून एक दिवस त्यांनी रंगरावाला गाठलं. "शेठ, मले बुंध्यावर घ्या. करवत चालत नाई अशी झाडं असतात. तारांत अडकलेली, भिंतीला चिकटलेली. ती मले द्या."

"जोडीला कोण?"

"कोणी नाई. एकटा करतो."

रंगराव त्यांच्याच वयाचा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "नागोराव, उभ्या आयुष्यात आख्खा बुंधा एकट्यानं उतरवलायस का कधी?"

नागोरावांनी मनातल्या मनात मोजून पाहिलं. लाकडं फोडली होती, आडवी पडलेली खोडं तोडली होती, पण उभं झाड? ते कायम अर्धंच त्यांचं होतं. "तोडलं नाई म्हणून येत नाई थोडंच," ते म्हणाले.

"ज्या दिवशी करून दाखवशील त्या दिवशी घेईन," रंगराव म्हणाला. पुणेरी माणसाला नाही म्हणायचं असलं की तो असंच हो म्हणतो. विषय संपला होता.

पण मग आली स्पृहा. बागेची आणि शेतीची अवजारं विकणाऱ्या एका कंपनीत ही मुलगी काम करायची. कर्वेनगरात नदीकडच्या एका मैदानावर त्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि लोक जमावेत म्हणून त्यात लाकूड तोडायची शर्यत ठेवली होती. परदेशात असते तशी. चार ओंडके, चार माणसं, एक घड्याळ. त्यासाठी तिला फूटभर जाडीचे, सरळ, एकही गाठ नसलेले चार ओंडके हवे होते. रंगरावानं त्याच आठवड्यात एका सोसायटीतला सिल्व्हर ओक उतरवला होता, तो तिला दाखवला.

"आणि काका, एक माणूस पण हवाय," ती म्हणाली. "तीन जिमवाली मुलं तयार आहेत. चौथा कुणीतरी खरा लाकूडतोड्या असला तर मस्त वाटेल."

"आम्ही बाकीचे खोटेच," रंगराव म्हणाला.

दोर गुंडाळता गुंडाळता नागोराव थांबले. "मी येतो," ते म्हणाले. मग रंगरावाकडं वळून म्हणाले, "शेठ, तिथं एकट्यानं ओंडका आडवा पाडला तर?"

समाधान ऐकत होता, आणखी दोघं ऐकत होते. रंगरावाला शब्द फिरवणं शक्य नव्हतं. "पाड. सोमवारपासून बुंध्यावर. मी स्वतः बघायला येतो."

दुसऱ्या दिवशी स्पृहा एक लाकडी पेटी घेऊन आली. आत निळं कापड, आणि कापडावर कुऱ्हाड. नागोराव वाकून बघत राहिले. पातं वीतभर रुंद, चांदीच्या ताटासारखं लखलखीत. आपली दाढी वाढली आहे हे त्यांना त्यात दिसलं. दांडा पांढराफेक, सरळसोट, मुठीत येईल इतका बारीक. वजनाला मात्र त्यांच्या कुऱ्हाडीच्या दुप्पट.

"हिची पूजा करायची का काम?" त्यांनी विचारलं.

स्पृहा हसली. नागोरावांनी सवयीनं पात्याच्या धारेवर अंगठा आडवा फिरवला. हे ते रोज सकाळी करायचे. त्यांची कुऱ्हाड अंगठ्याला नुसती खरखर करायची. हिनं अंगठा कापला. त्यांना कळलंही नाही, रक्त आलं तेव्हा दिसलं.

"अहो काका! ही रेसिंगची आहे. हिनं हातावरचे केस निघतात," स्पृहा रुमाल शोधत म्हणाली. "प्लीज जमिनीवर टेकवू नका. दगडाला तर अजिबात लागू देऊ नका, तुकडा उडेल."

"आन गाठ लागली तर?"

"गाठ असलेलं लाकूड घेतच नाही आम्ही."

"खिळा?"

"खिळा?" तिचा चेहरा असा झाला की जणू त्यांनी पोहण्याच्या तलावात मगर असते का असं विचारलं होतं.

नागोरावांनी स्वतःची कुऱ्हाड आणून शेजारी ठेवली. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून मार्केट यार्डाच्या मागच्या लोहारानं घडवलेली. पातं चार बोटं रुंद, गाल जाड, म्हणजे लाकडात रुतून बसू नये, ढलपी बाहेर फेकावी. धारेला तीन खांडं होती आणि तिन्हींचा इतिहास नागोरावांना पाठ होता. एक क्लासच्या पाटीच्या खिळ्याचं, एक 'रूम भाड्याने मिळेल'च्या खिळ्याचं, आणि तिसरं कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकाच्या तारेचं. पुण्यातल्या झाडात लाकूड कमी आणि लोखंड जास्त. तिथं अशी चांदीची कुऱ्हाड घेऊन गेलं तर पहिल्या घावातच कपाळाला हात लावायची पाळी. त्यांच्या कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा, घामानं काळा पडलेला, उन्हाळ्यात सुकून ढिला व्हायचा. मग रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची, सकाळी दांडा फुगून घट्ट.

"हिले पण भिजत टाकू का आज?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

"नाही!" स्पृहा एवढ्या मोठ्यानं ओरडली की रंगराव चहा टाकून बाहेर आला. पाण्यानं ती गंजेल, दांडा वाकेल, हिला फक्त तेल, आणि तेही पुसून घेतलेलं. नागोराव मान हलवत राहिले. जिला गाठ चालत नाही, खिळा चालत नाही, दगड चालत नाही, पाणी चालत नाही, ती कुऱ्हाड नुसती सुखाचं लाकूड तोडायला जन्माला आलेली दिसत होती. तिचा त्यांना रागही आला आणि थोडी कीवही आली.

"ओंडका उभा असेल," स्पृहा समजावू लागली. "समोरून अर्ध्यापर्यंत तोडायचं, मग पटकन मागच्या बाजूला जायचं आणि मागून तोडायचं. आलं ना लक्षात?"

"तू मले ओंडका शिकवतं का?"

"सॉरी काका."

"दोघं नसतात का तिथं? एका लाकडाले?"

"असतो ना दुसरा, शेजारच्या ओंडक्यावर. त्यालाच तर हरवायचं."

सरावाला म्हणून तिनं एक आखूड तुकडा दिला, त्यावर पाच-सहाच घाव घालायला सांगितले, कारण लाकूड मोजकं होतं. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि सोडली. केळ्यातून सुरी जावी तशी ती आत गेली. हातांना काहीच जाणवलं नाही. त्यांच्या कुऱ्हाडीनं घाव घातला की मनगटापासून खांद्यापर्यंत झाड उत्तर द्यायचं, किती ओलं आहे, किती जुनं आहे, आत कीड आहे का. हिनं घातलेल्या घावाला लाकूड काही बोललंच नाही. पण ढलपी ताटाएवढी उडाली. समाधाननं शिट्टी वाजवली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा नागोराव बुंध्याच्या सावलीत बसून सगळ्यांबरोबर जेवले.

रविवारी सकाळी मैदानावर दीडेकशे माणसं होती. त्यातली निम्मी मोफत मिळणाऱ्या कढीपत्त्याच्या रोपासाठी आलेली. लोखंडी चौकटींत चार ओंडके कमरेएवढ्या उंचीवर उभे आवळून बसवले होते. तीन पोरं बनियनवर, दंड फुगवून फोटो काढून घेत होती. नागोरावांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. माईकवाल्यानं त्यांचं नाव 'नागेशराव' असं पुकारलं आणि "आपले लाडके काका" अशी पुस्ती जोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागोरावांची नजर लोकांत नव्हती. रंगराव दोरीच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता, तेवढं त्यांनी पाहून घेतलं. सोमवारी कर्वेनगरातच एक भिंतीला चिकटलेला उंबर होता. करवत तिथं शिरत नव्हती. तो आपला, असं त्यांनी मनात धरलं होतं.

शिट्टी झाली.

पोरांनी जोरानं सुरुवात केली. नागोरावांनी जोर लावला नाही. वरून एक, खालून एक, मधली ढलपी बाहेर. वरून एक, खालून एक. तिसऱ्या ढलपीला कुऱ्हाडीची त्यांना सवय झाली. पाचव्या ढलपीला कुऱ्हाड आहे हेच ते विसरले. पोरांच्या खाचा वेड्यावाकड्या, कुऱ्हाडी रुतत होत्या, उपसाव्या लागत होत्या. नागोरावांची खाच कापलेल्या कलिंगडासारखी स्वच्छ उघडत चालली होती. "काका पुढं! काका पुढं!" माईकवाला ओरडायला लागला. लोक रोपं विसरून दोरीशी सरकले. समाधान उड्या मारत होता. बाकीच्यांची खाच चार बोटं आत गेली असेल नसेल, तेवढ्यात नागोरावांच्या कुऱ्हाडीला गाभा लागला. लाकडाचा रंग बदलला, आवाज बदलला.

नागोराव थांबले. तिरके पाच-सहा पावलं मागं सरले. कुऱ्हाड खाली केली, पण जमिनीला टेकवली नाही, तेवढं त्यांच्या लक्षात होतं. मान वर करून त्यांनी शेंड्याकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात ओरडले, "घे!"

आणि उभे राहिले.

लोकांना वाटलं, काहीतरी नियम असेल. मग कुजबुज झाली. मग कुणीतरी ओरडलं, "काका, मागून! मागून तोडा!" "पलीकडं जा काका!" नागोरावांना ते ऐकू येत होतं. पण पलीकडं जायचं नसतं, हे या लोकांना कोण सांगणार? त्यांचं सगळं लक्ष बुंध्याच्या मागून यायच्या आवाजाकडं लागलं होतं. आवाज येत नव्हता. त्यांना राग आला, जुना, रोजचा राग. "घे ना रे दशरथ! कायले थांबला?" ते म्हणाले. माईकवाला जवळच होता, ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

शेजारचा ओंडका धाडकन पडला. तो आवाज चुकीच्या बाजूनं आला. नागोरावांनी वळून पाहिलं, आणि मग पुन्हा आपल्या ओंडक्याकडं पाहिलं. त्याच्या मागं कंपनीचा हिरवा पडदा होता, एक प्लास्टिकची खुर्ची होती, आणि कुणीही नव्हतं. दुसरा ओंडका पडला, तिसरा पडला. नागोराव हलले नाहीत. टाळ्या कुणी कुणासाठी वाजवल्या ते त्यांना कळलं नाही.

मैदानात त्या एका शब्दाचा अर्थ कळलेला माणूस एकच होता. रंगराव दोरी ओलांडून आत आला, त्यांच्यापासून दोन हातांवर थांबला. "नागोराव," तो म्हणाला. त्यानं त्यांच्या दंडावर हात ठेवला, काढला, आणि टेम्पो कुठं लावलाय ते बघायला निघून गेला.

तासाभरात गर्दी पांगली. पोरं चषक घेऊन गेली, रोपं संपली, पडदे उतरायला लागले. नागोराव त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. स्पृहा दोनदा पाणी देऊन गेली, तिसऱ्यांदा आली ती चाचरत.

"काका, चौकटी परत न्यायच्यात. बाकीचे तीन बुडखे सुटले, हा एवढा उभा आहे तो निघत नाहीये. अर्धाच राहिलाय. तुम्ही… नाहीतर मी त्या मुलांपैकी कुणाला तरी फोन करते."

"नको," नागोराव म्हणाले. "माझा हाय तो."

त्यांनी पेटीतून कुऱ्हाड घेतली आणि ओंडक्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. चार पावलं होती. ती टाकताना कुठून तरी घाव येईल अशी पाठ आखडली. तिथं पोचले, पाय रोवले आणि मान वर केली.

समोर त्यांची स्वतःची जागा होती. ढलप्यांचा ढीग, त्यात दोन पायांचे ठसे, आणि तिथं कुणी नव्हतं. पस्तीस वर्षं दशरथाला इथून रोज काय दिसत होतं ते नागोरावांना आज कळलं. त्याला नागोराव दिसत होते. घाम पुसणारे, पान थुंकणारे, मुक्ताई गेली त्याच्या चौथ्या दिवशी कामावर येऊन एक शब्द न बोलता घाव घालणारे. त्या दिवशी दशरथानं दर घावाला किंचित थांबून आपल्याला जास्तीचा दम घेऊ दिला होता, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता आलं. नागोरावांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. स्पृहानं दुसरीकडं तोंड फिरवलं.

मग त्यांनी घाव घातले. उजव्या हाताच्या माणसाला त्या बाजूनं जरा अवघड जात होतं. तरी आठव्या घावाला ओंडका करकरला, कलला आणि समोर, त्यांच्या मोकळ्या जागेवर जाऊन पडला.

"काका!" स्पृहा जवळजवळ नाचायलाच लागली. "एकट्यानं केलंत तुम्ही! तेव्हाच केलं असतंत तर पहिले आला असतात. थांबा, मी रंगरावांना फोन करते. ते अजून गेटपाशीच असतील. त्यांनी म्हटलं होतं ना, एकट्यानं पाडला तर…"

"नको करू."

"अहो, पण का? मी साक्षीदार आहे ना."

नागोराव निळ्या कापडानं पातं पुसत होते. "रंगरावाचं बरोबर हाय, पोरी. इथं ओंडका होता म्हणून निभावलं. झाडाखाली माणसं असतात." त्यांनी पातं उलटं करून दुसरी बाजू पुसायला घेतली. "एकट्यानं बुंध्यावर जायचं तर आधी माणसानं एकटं व्हावं लागते. मले सगळे म्हणतात, नागोराव एकटा पडला, एकटा पडला. पण मी अजून झालोच नाई."

तिला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. तिनं पेटी उघडून धरली, त्यांनी कुऱ्हाड कापडावर ठेवली, तिनं शिकवली होती तशी, धार आतल्या बाजूला करून.

सोमवारी सकाळी सात वाजता उंबराखाली सगळे जमले. समाधान वरच्या फांद्यांसाठी करवतीत पेट्रोल भरत होता. रंगराव आला, त्यानं नागोरावांकडं पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो बोलायच्या आत नागोरावांनी दोराचं वेटोळं उचललं आणि चालत चालत दोराच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहिले.